गरम ब्रेकवरचा पाय

धडगाव
४ जानेवारी २०२५

जागृती पोरी,

तुझा फोन आला तेव्हा आजीने तो माझ्या कानाला लावला होता, पण मला नुसती घरघर ऐकू आली. पस्तीस वर्षं डिझेल इंजिनाजवळ बसून एक कान गेला, दुसरा जायच्या वाटेवर आहे. मग आजीनेच ओरडून सांगितलं, "तिला शर्यतीच्या रस्त्यावर गाडी चालवायला देणार आहेत! नवे ब्रेक आहेत, ते ती घासून तयार करणार!" एवढं बोलून ती भाकरी करायला निघून गेली. मी तेव्हापासून तसाच बसून आहे.

दिवलीबाईच्या मोबाईलवर तू जे पाठवतेस ते ती आधी अख्ख्या पाड्याला वाचून दाखवते आणि मग मला. म्हणून हे पत्र. चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढी मराठी हाताला लागली तेवढीत लिहितो. चुकलं तर समजून घे.

नवे ब्रेक म्हणजे नेमकं काय बदललं? गाडी कुणाची आहे? रस्त्याला उतार किती? बाजूला दरी आहे की भिंत? आणि तुलाच का देतात, तिथे दुसरं कुणी नाही का?

मी जीपच्या ब्रेकला नवे लायनर टाकले की आठ दिवस जपून चालवायचो. लांबूनच गियर पाडायचा, ब्रेकवर पाय नुसता ठेवायचा. तूही तसंच कर. नव्या वस्तूला पहिल्या दिवशी रगडू नये. तुझा बाप ऊसतोडीला गुजरातेत गेला आहे, त्याला मी काही कळवलेलं नाही. तो उगाच काळजी करेल.

पत्र मिळताच उत्तर लिही.

तुझा आजा,
चैत्या


कोइमतूर
१५ जानेवारी

आजा,

तुझं पत्र मी वर्कशॉपमध्ये गाडीखाली झोपून वाचलं. हसू नकोस, तिथेच उजेड चांगला आहे.

एकेक सांगते. गाडी एका डॉक्टरांची आहे. आठवडाभर ते तिने दवाखान्यात जातात आणि रविवारी ट्रॅकवर आणून पळवतात. ट्रॅकला दरी नाही, उतारही नाही म्हटलं तरी चालेल. जमीन सपाट, कडेला वाळू आणि टायर रचलेले. गाडीला चारी चाकांना डिस्क आहेत, म्हणजे आपल्या जीपसारखे डबे नाहीत, जेवणाच्या ताटाएवढी लोखंडी चकती असते आणि दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. आम्ही चकत्या आणि पॅड दोन्ही नवे टाकले.

आता रागावू नकोस. तू सांगतोस त्याच्या उलटं करायचं असतं. नवे पॅड हळू चालवले तर ते गुळगुळीत होऊन बसतात आणि नंतर पकडत नाहीत. म्हणून शंभरच्या वेगाने जायचं, जोरात ब्रेक दाबून वेग वीसवर आणायचा, पण थांबायचं नाही. परत शंभर, परत वीस. असं आठ-दहा वेळा. पॅड तापतात, जळका वास येतो, थोडा धूरही निघतो. त्या तापात पॅडचा पातळ थर चकतीवर सगळीकडे सारखा बसतो. मग एक-दोन फेऱ्या ब्रेकला पाय न लावता, वारा खात फिरायचं.

मलाच का देतात? सात महिने मी चाकं खोलते आहे. उस्ताद, म्हणजे आमचे मोठे मिस्त्री, म्हणाले, "एक बार करके दिखा." हे काम नीट झालं तर ट्रॅकवर गाड्या तपासणाऱ्यांत मला घेतील. नाही झालं तर चाकं आहेतच. आजा, इथे चौदा पुरुषांत मी एकटी मुलगी आहे. मला हे करायचंच आहे.

आजीला सांग, मी जेवते.

जागृती


धडगाव
२४ जानेवारी

जागृती पोरी,

मुद्दाम धूर काढायचा? मी पत्र दोनदा वाचलं, मग आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिच्या उस्तादला कळत असेल, तू गप बस." मी गप बसलो. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर करत गप बसलो.

काल शहाद्याला डोळे दाखवायला गेलो होतो. स्टँडवर हिंमतराव भेटला, तो माझ्या बरोबरीचा, तळोद्याच्या लाइनवर जीप चालवायचा. त्याला सांगितलं तर सगळ्यांसमोर ओरडला, "काय चैत्याभाऊ, जनमभर तू ब्रेक वाचाडात, आनि नात बाळी ऱ्हायनी!" मी जन्मभर ब्रेक वाचवले आणि नात ते जाळते, म्हणून सगळे हसले. मीही हसलो.

तुझ्या उस्तादच्या पद्धतीत मी बोलणार नाही. डिस्कमधलं मला काही कळत नाही. पण एक गोष्ट सगळ्या गाड्यांना सारखी असते, ती तू विसरू नकोस. तुला जीप शिकवली तेव्हा घाटात काय सांगितलं होतं? गाडी थांबली की ब्रेकवरचा पाय उचलायचा नाही. आजी खाली उतरेल, चाकामागे दगड लावेल, पत्र्यावर हाताने दोन थापा मारेल. थापा ऐकल्या तरी मनात पाच मोजायचे. मग पाय उचलायचा. तू एकदा तीनच मोजले होतेस आणि मी तुला दिवसभर गाडीला हात लावू दिला नव्हता. आठवतं ना?

तिथेही तसंच कर. सपाट असो की कसंही असो. गाडी उभी राहिली की पाय घट्ट दाबून ठेव. एवढं मला वचन दे. मग बाकी कितीही धूर काढ.

कोणत्या दिवशी आहे ते कळव, म्हणजे त्या दिवशी मी घरीच थांबेन.

तुझा आजा


कोइमतूर
९ फेब्रुवारी

आजा,

ब्रेकचं काम झालं. मी ठीक आहे. इथे सध्या गर्दी आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. डोळ्यांत औषध टाकतोस ना?

जागृती


धडगाव
१८ फेब्रुवारी

जागृती,

हे काय पत्र झालं? चार ओळी. विजेच्या बिलावर यापेक्षा जास्त लिहिलेलं असतं.

"झालं" म्हणजे कसं झालं? धूर निघाला का? उस्ताद काय म्हणाले? तुला लागलं आहे का? हाताला लागलं असेल म्हणून थोडं लिहिलं असेल, असं मला वाटलं. आजी म्हणते, अक्षर तर सरळ आहे, हाताला कसं लागेल? मग मला वाटलं, पायाला लागलं असेल. आजी म्हणाली, आता डोक्याचं म्हण, म्हणजे सगळं अंग होईल.

की मी तुझ्या उस्तादच्या पद्धतीला नावं ठेवली म्हणून रागावलीस? मी माघार घेतो. शंभरवरून वीस, हे बरोबर असेल. मी तीसच्या वर जीप कधी नेलीच नाही, मला काय कळणार.

तू पहिलीत असताना पाटी फुटली तर चार दिवस पोटाशी धरून शाळेत जायचीस, कुणाला दिसू नये म्हणून. या पत्राचा वास तसाच येतो. जे फुटलं असेल ते सांग. मी रागावणार नाही. मला फक्त माहीत नसलं की झोप येत नाही.

तुझा आजा


कोइमतूर
१ मार्च

आजा,

सांगते. पण आधी वचन दे की तू मनाला लावून घेणार नाहीस. तू वचन देशील आणि मोडशील, हेही मला माहीत आहे.

काम चांगलं चाललं होतं. दहा वेळा शंभरवरून वीस. वास आला, धूर आला. उस्ताद कठड्यावरून अंगठा दाखवत होते. नंतर दोन फेऱ्या थंड व्हायला फिरले. पण त्या फेऱ्या मी घाईने मारल्या, चकत्या अजून तापलेल्याच होत्या. आत येऊन गाडी उभी केली, आणि माझा पाय ब्रेकवर दाबलेलाच राहिला.

आजा, मी ठरवून दाबला नाही. गाडी थांबली आणि पाय आपोआप तिथेच राहिला. मी खरंच थापांची वाट बघत बसले होते. थापा कोण मारणार? आजी तर धडगावला. उस्ताद धावत आले, काचेवर हात आपटला, "पैर हटा! पैर हटा!" मी ते आपटणं ऐकलं आणि मनात पाच मोजले.

तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की त्याचा जाड डाग तेवढ्याच जागी चकतीला चिकटतो. मग दर फेरीला तो डाग पॅडखाली येतो आणि गाडी थरथरते. डॉक्टर रविवारी आले, पहिल्याच वळणावर ब्रेक लावला, तर स्टेअरिंग हातात नाचायला लागलं. ते तसेच परत आले. किल्ली उस्तादच्या हातात ठेवली.

उस्तादने विचारलं, "मैंने बोला था ना, रुकके पैर नहीं रखना. क्यों रखा?" मी म्हटलं, "चुकलं." एवढंच. तुझं नाव नाही घेतलं. घाटातलं काही सांगितलं नाही. तुझ्यावर हे लोक हसतील, ते मला नको होतं. आता मी परत चाकांवर आहे.

तुझी चूक नाही. घाटात तू सांगितलेलंच बरोबर आहे.

जागृती


धडगाव
१० मार्च

शर्यतीच्या गाड्यांचे मोठे मिस्त्री साहेब यांना,

मी चैत्या पावरा, राहणार धडगाव, जिल्हा नंदुरबार. जागृतीचा आजा. आपली ओळख नाही, तरी लिहितो. तुम्हाला मराठी वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्यावं.

गरम ब्रेकवर पाय ठेवला ती चूक जागृतीची नाही, माझी आहे. मी तिला तसं शिकवलं, आणि पुन्हा पत्र लिहून तसंच करायला सांगितलं. ती माझं ऐकते. तिचा तेवढाच दोष.

मी असं का शिकवलं तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला हा म्हातारा उगाच हट्टी आहे असं वाटणार नाही. चाळीस-एक वर्षांपूर्वी मी जीप घेऊन घाट चढत होतो. बाजाराचा दिवस, गाडीत आणि टपावर मिळून वीसेक माणसं. इंजिन तापलं म्हणून पाणी घालायला चढावर थांबलो. आमच्या जीपचा हँडब्रेक नुसता दाखवायला होता. माझ्याबरोबर रेवजी होता, माझा दोस्त, तो चाकामागे दगड लावून पत्र्यावर थाप मारायचा. तो उतरला. पत्र्यावर थाप वाजली असं मला वाटलं आणि मी पाय उचलला. गाडी मागे गेली. दगड अजून लागला नव्हता. रेवजीचा पाय चाकाखाली आला. गाडी कडेच्या ढिगाऱ्याला अडली म्हणून बाकीचे वाचले. रेवजी तेव्हापासून लंगडतो. आमच्याच पाड्यात राहतो, पण माझ्या गाडीत पुन्हा कधी बसला नाही. मी घाई केली. थाप नीट ऐकली नाही.

हे मी जागृतीला कधी सांगितलं नव्हतं. तिला फक्त पाय दाबून ठेवायला शिकवलं.

साहेब, तुमच्या गाडीला माझा घाट लागू नाही, हे मला आता कळलं. पोरीला पुन्हा एकदा बसू द्या. ती हुशार आहे. शिक्षा द्यायचीच असेल तर मला सांगा, मी येतो. चाकं मीही खोलू शकतो.

आपला,
चैत्या पावरा


कोइमतूर
२४ मार्च

आजा,

तू काय केलंस!

परवा जेवणाच्या सुटीत उस्ताद पाकीट घेऊन आले. उघडून बघितलं, उलटं-सुलटं केलं आणि माझ्याकडे दिलं. "तेरे गाँव से है. मराठी है. पढ़के सुना." इथे मराठी वाचणारी मी एकटीच, हे तुझ्या लक्षातच नाही आलं ना? आणि मला वाटलं घरी कुणाला काही झालं, म्हणून मी घाबरून तिथेच मोठ्याने वाचायला लागले, एकेक वाक्य हिंदीत करत. चौदाही जण डबे उघडून बसले होते.

"ती माझं ऐकते" इथपर्यंत माझे कान लाल झाले होते. रेवजीबाबाचं नाव आलं तिथे मी थांबले. मला हे माहीत नव्हतं, आजा. मी त्याला कितीदा विचारलं होतं पायाला काय झालं, तर तो म्हणायचा, अस्वलाने खाल्ला. मला वाटलं हे मधलं गाळून टाकावं. उस्ताद म्हणाले, "रुक क्यों गई? आगे पढ़." मी सगळं वाचलं. शिक्षेचं आणि तू येऊन चाकं खोलायचंही वाचलं. कुणी हसलं नाही. एकाने फक्त डबा बंद केला.

उस्तादने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "तो ये पैर तेरा नहीं है, तेरे दादा का है." आणि नंतर, "तूने बताया नहीं, मैंने भी ठीक से पूछा नहीं. उठ."

त्यांनी अंगणात एक थंड गाडी दिली. चालव, थांबव, पाय उचल. चालव, थांबव, पाय उचल. संध्याकाळपर्यंत. पहिल्या वीस वेळा पाय उचलण्याआधी मी मनात पाच मोजत होते. उस्ताद गाडीच्या मागे, अगदी चाकाजवळ खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. मी म्हटलं, बाजूला बसा. म्हणाले, "क्यों? ज़मीन सपाट है."

डॉक्टरांच्या चकत्या लेथवर घासून साफ केल्या, पॅड नवे टाकले. काल सकाळी पुन्हा बसले. दहा वेळा शंभर ते वीस. या वेळी थंड व्हायच्या फेऱ्या चार मारल्या. आत आले, गाडी गियरमध्ये बंद केली आणि पाय उचलला. गाडी जागची हलली नाही.

नंतर डॉक्टर स्वतः बसले. पाच फेऱ्या मारून आले आणि मला म्हणाले, ब्रेक लोण्यासारखे लागतात. एप्रिलपासून तपासणाऱ्यांच्या फळ्यावर माझं नाव आहे. खडूने लिहिलंय, पण आहे.

आता तू रेवजीबाबाशी बोल. तुझ्या दोस्ताची गोष्ट तू चौदा परक्या माणसांना सांगितलीस, त्याला न विचारता.

जागृती


धडगाव
५ एप्रिल

जागृती पोरी,

तुझं पत्र आजीने माझ्या हातातून ओढून घेतलं आणि मग परत देऊन मलाच मोठ्याने वाचायला लावलं. फळ्यावरचं नाव ऐकल्यावर ती बाहेर गेली आणि दिवलीबाईला हाक मारली. म्हणजे आता सगळ्यांना माहीत झालं.

तू म्हणालीस म्हणून मी रेवजीकडे गेलो. तीन दिवस गेलो आणि दारातून परत आलो. चौथ्या दिवशी त्याची म्हातारी म्हणाली, "बसायचं नसेल तर दाराची माती तरी नको उकरू." मग बसलो. सांगितलं की तुझी गोष्ट मी लिहून पाठवली, तुला न विचारता. आणि त्या दिवसाबद्दलही बोललो. पहिल्यांदाच बोललो. म्हटलं, थाप वाजलीच नव्हती, मी घाईत पाय उचलला.

रेवजी चिलीम भरत होता. म्हणाला, "वाजली होती."

मी म्हटलं, मला चांगलं ऐकू येत नाही, पुन्हा बोल. तो माझ्या चांगल्या कानाशी येऊन ओरडला, "थाप वाजली होती रे! मीच मारली. दगड हातातच होता. टपावर एक पोरगी बसली होती, तिच्याकडे बघत मी आधी थाप मारली. दगड नंतर लावणार होतो."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? तर म्हणतो, "कसा बोलू? पहिल्या होळीला तू कोंबडा घेऊन आलास, रडत होतास. मी म्हटलं पुढच्या वर्षी सांगू. पुढच्या वर्षी परत कोंबडा. चाळीस कोंबडे खाल्ल्यावर माणूस कोणत्या तोंडाने सांगेल? तुझ्या गाडीत बसलो असतो तर तोंडून निघून गेलं असतं. म्हणून बसत नव्हतो."

मला वाटत होतं तो माझ्यावर रागावून बसत नाही. त्याची म्हातारी चुलीपासून म्हणाली, "टपावरची पोरगी कोण होती ते विचार." रेवजी म्हणाला, "तूच होतीस, दुसरी कोण?" ती म्हणाली, मी त्या दिवशी बाजाराला गेलेच नव्हते. मग त्यांचं जे सुरू झालं ते मी काही ऐकलं नाही. कान असा कधी कधी उपयोगाला येतो.

पोरी, मी तुझ्या पायात जी भीती घातली ती माझीसुद्धा नव्हती. उगाच इतकं ओझं वाहिलं आणि तुलाही वाहायला दिलं. तू ते उतरवलंस हे बरं केलंस. घाटात आलीस तर दगड लावायचाच, ते मी सोडणार नाही. पण तिथे तू तुझ्या उस्तादचं ऐक. माझी पत्रं वाच आणि बाजूला ठेव.

काल रेवजीला दवाखान्यात जायचं होतं. काठी टेकत जीपजवळ आला आणि न विचारता पुढच्या सीटवर चढून बसला. चढायला बराच वेळ लागला, मी हात दिला नाही, त्याला आवडलं नसतं. सगळ्या उतारावर मी किती वेळा ब्रेक लावला ते तो मोजत होता. खाली उतरल्यावर म्हणाला, चौतीस वेळा, म्हातारा झालास तू. खोटं बोलतो. वीसच्या वर नसतील.

तुझा आजा,
चैत्या